हातात क्यू आहे, यू नाही: इंग्रजी शब्द शोधायला काय वापरावं?

इंग्रजी शब्दांचा खेळ रंगलाय, हातात क्यू आलाय आणि त्याच्यासोबत लागणाऱ्या यूचा पत्ता नाही, की बहुतेक जण 'अमुक अक्षर असलेले शब्द' असं सर्चमध्ये टाकतात आणि जी वेबसाइट पहिली दिसेल ती उघडतात. तेवढ्यापुरतं काम भागतंही. पण स्क्रॅबल, वर्डल आणि क्रॉसवर्ड या तिघांचा प्रश्न एक नसतो. स्क्रॅबलमध्ये पटावर शब्द लावून गुण मिळवायचे, म्हणून हातातल्या सात अक्षरांतून काय जुळतंय ते बघायचं असतं. क्रॉसवर्डमध्ये तिसरं आणि सहावं अक्षर माहीत असतं, बाकी घरं रिकामी. वर्डलमध्ये सहा अंदाजांत एक पाच अक्षरी शब्द ओळखायचा, त्यात काही अक्षरं हवीतच, काही अजिबात नकोत, आणि काही आहेत पण भलत्याच जागी. त्यामुळे कुठलं साधन घ्यायचं हे आधी खेळावरून ठरवा.

वर्ड फाइंडर वेबसाइट आणि ॲप सगळ्यात सोपी. अक्षरं टाका, लांबीप्रमाणे यादी हजर. मधेमधे जाहिराती येतात, ते सोडून देऊ. खरी अडचण अशी की यादी कुठल्या शब्दसंग्रहातून आली हे अनेकदा कळतच नाही, आणि स्क्रॅबलमध्ये तिथेच घोळ होतो. उत्तर अमेरिकेत स्पर्धांना एक अधिकृत यादी चालते, बाकी जगात बहुतेक ठिकाणी कॉलिन्स या शब्दकोश प्रकाशकाची, आणि ती बरीच मोठी आहे. नुसते दोन अक्षरी शब्द घ्या: कॉलिन्सच्या २०१९ च्या यादीत १२७, अमेरिकन यादीत १०७. 'क्यू-आय' आणि 'झेड-ए' दोन्हीकडे चालतात, बोनसच्या घराशिवायही प्रत्येकी ११ गुण. 'झेड-ओ' मात्र फक्त कॉलिन्समध्ये. अमेरिकन नियमांनी खेळताना तो ठेवला आणि समोरच्याने आव्हान दिलं, तर शब्द उचलावा लागतो, गुण शून्य, पाळीही गेली. म्हणून साइटवर यादी निवडायची सोय नसेल तर स्क्रॅबलसाठी ती साइट वापरूच नका.

स्क्रॅबल मनावर घेतलं असेल, तर शोधण्यापेक्षा पाठ करणं जास्त फळतं. डाव रंगात आल्यावर मोबाइल काढता येत नाही. यासाठी झिझिवा नावाचा प्रोग्रॅम आहे. तो शब्द शोधून देतो, वैध की अवैध ते सांगतो, आणि मुख्य म्हणजे प्रश्न विचारून तयारी करून घेतो. त्यात अक्षरं वर्णक्रमाने दाखवतात: ए, ई, आय, एन, आर, एस, टी. ही सात बघितली की रिटेन्स, नॅस्टिअर, रेटिनाज हे शब्द डोळ्यांपुढे यायला हवेत. सातही अक्षरं एकदम लावली की वर ५० गुण. नुसत्या पाठांतराची ताकद किती? न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सने २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचं जगज्जेतेपद मिळवलं, आणि त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. आपल्याला एवढं काही नको. दोन अक्षरी यादी आणि यू नसलेले क्यूचे शब्द (कॅट नव्हे, क्यू-ए-टी, शिवाय ट्रँक, फकीर, तलाक) एवढं पाठ असलं तरी घरच्या डावात तुम्ही भारी पडाल.

छापील स्क्रॅबल डिक्शनरी वाद मिटवायला उत्तम. शोधायला नाही, कारण ती पहिल्या अक्षरावरूनच उघडते. 'मध्ये झेड असलेला' शब्द त्यात सापडायचा तर पानं चाळत बसा.

वर्डलचं गणित वेगळं. मूळ आवृत्तीत उत्तरांची यादी २,३१५ शब्दांची होती, आणि अंदाज म्हणून चालणारे आणखी दहा हजारांहून जास्त शब्द होते. वर्ड फाइंडर हा फरक करत नाही. तो कोणी न ऐकलेले शब्द आणि एस लावलेली अनेकवचनं सरसकट पुढे करतो, आणि साधी अनेकवचनं उत्तर म्हणून सहसा येत नाहीत. त्यापेक्षा 'ही अक्षरं असलेला' शोध उलटा वापरावा. समजा शेवटची चार अक्षरं आय-जी-एच-टी पक्की झाली. आता फाइट, लाइट, माइट, साइट, नाइट, राइट, टाइट, एट... एकेक करून बघाल तर सहा संधी कधी संपतील कळणारही नाही. इथे एफ, एल, एम, एस ही चारही अक्षरं एकत्र असलेला पाच अक्षरी शब्द शोधा: फिल्म्स. तो उत्तर नाही हे माहीत असूनच टाकायचा. एका फटक्यात चार शब्दांचा निकाल लागतो. हार्ड मोडमध्ये मात्र ही युक्ती चालत नाही, तिथे सापडलेली अक्षरं पुढच्या अंदाजात ठेवावीच लागतात.

क्रॉसवर्डला वनलूकसारखी शब्द शोधायची वेबसाइट पुरते. माहीत नसलेल्या प्रत्येक घरासाठी प्रश्नचिन्ह, कितीही अक्षरांसाठी तारका, आणि सोबत अर्थही देता येतो. अर्थ आणि साचा दोन्ही एकदम, म्हणून इथे दुसरं काही बघायची गरज मला वाटत नाही.

एआय चॅटबॉटला विचारावं का? अर्थ किंवा सूचक वाक्य उलगडायला जरूर. अक्षरांसाठी नको. तो मजकूर एकेक अक्षर सुटं करून वाचत नाही, तुकड्यांनी वाचतो, त्यामुळे 'यात एक्स आहे' असं ठणकावून सांगत एक्स नसलेला शब्दही हातात ठेवतो.

थोडंफार कॉम्प्युटरशी खेळणाऱ्यांसाठी माझी पसंती साध्या टेक्स्ट फाइलला. एनेबल ही इंग्रजी शब्दयादी सर्वांसाठी खुली आहे, त्यात सुमारे १ लाख ७२ हजार शब्द आहेत. ती उतरवून घ्या आणि रेगेक्सने, म्हणजे अक्षरांचा साचा लिहून शोधायच्या पद्धतीने, शोधा: 'क्यू, पण त्यानंतर यू सोडून काहीही' ही अट एका ओळीत बसते. जाहिरात नाही, इंटरनेट नाही. न्यूयॉर्क टाइम्सच्या स्पेलिंग बी या शब्दखेळासाठी तर हेच सोयीचं, कारण तिथे सात अक्षरं कितीही वेळा वापरता येतात, मधलं अक्षर लागतंच, आणि शब्द किमान चार अक्षरी हवा. स्क्रॅबलच्या हिशेबाने बनवलेला फाइंडर प्रत्येक अक्षर एकदाच धरतो आणि बरेच शब्द गाळतो. फक्त एक लक्षात ठेवा: स्पेलिंग बीची यादी संपादक हाताने निवडतात, त्यामुळे फाइलमधला चांगला वैध शब्दही तिथे नाकारला जाऊ शकतो.