जर्मन सफरचंद केक: यीस्टचा की बुडालेल्या फोडींचा?

जर्मनीत दुपारच्या कॉफीसोबत खातात तो आप्फेलकूखन घरी करायचा, तर आधी ठरवा: मोठ्या ट्रेमधला यीस्टचा, की गोल टिनमधला, ज्यात फोडी पिठात बुडतात तो?

यीस्टच्या केकला सवड हवी. ५०० ग्रॅम मैदा, पाव लिटर कोमट दूध, ७ ग्रॅम ड्राय यीस्ट, थोडं लोणी-साखर मळून तासभर फुगवायचं, ट्रेमध्ये पसरून पुन्हा थोडा वेळ ठेवायचं. वर दाटीवाटीनं फोडी आणि लोणी-साखर-मैदा चोळून केलेला श्ट्रॉयझलचा चुरा. घरभर पाहुण्यांना पुरतो, पण त्याच दिवशी संपवा. नंतर पावासारखा कोरडा पडतो.

बुडालेल्या केकला १२५ ग्रॅम लोणी आणि तेवढीच साखर फेटायची, एकेक करत ३ अंडी, मग २०० ग्रॅम मैदा नि २ चमचे बेकिंग पावडर. मिश्रण चमच्यावरून जड, सावकाश पडायला हवं. पातळ झालं की फोडी थेट तळ गाठतात. सोललेल्या अर्ध्या सफरचंदाच्या पाठीवर जवळजवळ चिरा द्यायच्या, आरपार मात्र नाही. १८० अंशांवर साधारण ४५ मिनिटांत पीठ फोडींभोवती वर येतं आणि चिरा पंख्यासारख्या उघडतात.

सफरचंद दोन्हींत आंबटच. तिकडे बोस्कोप वापरतात, आपल्याकडे हिरवं ग्रॅनी स्मिथ मिळतं. गोड, रवाळ फळ असेल तर लिंबू पिळाच.

मला विचाराल तर चार माणसांच्या घरात बुडालेलाच करावा. दुसऱ्या दिवशी तो उलट जास्त मऊ, ओलसर लागतो.