टीटीचा रोबोट: आठ महिने एकट्याने खेळल्यावर

आमच्या क्लबहाउसमध्ये टेबल चांगलं आहे पण सकाळी सहाला खेळायला येणार कोण, म्हणून गेल्या पावसाळ्यात टेबल टेनिसचा रोबोट घेतला, म्हणजे फिरत्या चाकांनी एकामागून एक बॉल फेकणारं मशीन. रोज जमत नाही पण आठवड्यातून चार दिवस पाऊण तास होतोच.

घेणार असाल तर दोन चाकांचाच घ्या. एका चाकाच्या मशीनला स्पीड वाढवला की स्पिनही वाढतो, वेगळं काही करता येत नाही. दोन चाकांत वरचं जोरात ठेवलं की टॉपस्पिन (पुढे गरगरणारा बॉल), खालचं जोरात की चॉप (मागे गरगरणारा), दोन्ही सारखी ठेवली की जवळजवळ बिनस्पिनचा बॉल येतो.

माझा बॅकहँड यानेच सुधारला. सुरुवातीला मिनिटाला साठ बॉल लावायचो आणि तिथेच चुकत होतो, बॅट मागे असतानाच पुढचा बॉल यायचा, पाय जागचे हलायचेच नाहीत. पस्तीसवर आणल्यावर शॉट पूर्ण होऊन परत मधे यायला वेळ मिळायला लागला. मग दोन बॉल डावीकडे एक उजवीकडे असं लावून फाल्केनबर्ग सुरू केलं, म्हणजे एक बॅकहँड, तिथेच वळून फोरहँड, मग उजवीकडे धावत फोरहँड. दहा मिनिटांत टीशर्ट ओला होतो! पण बॅटचं रबरही तेवढंच झिजतं, माझं फोरहँडचं पाच महिन्यांत गुळगुळीत झालं, तो खर्च धरून चाला.

बॉलचं नीट वाचा. नव्या प्लॅस्टिकच्या बॉलवर बारीक पावडर असते, ती चाकाला लागली की चाक घसरतं, मग सेटिंग तेच पण एक बॉल टेबलाबाहेर आणि दुसरा नेटमध्ये. मला आठवडाभर वाटत होतं मोटर गेली. आता नवे बॉल आधी बादलीत साबणाच्या पाण्यात धुतो, जुन्या टॉवेलवर वाळवतो, आणि चाकं ओलसर फडक्याने पुसतो, फडक्यावर पांढरा थर येतो बघा. तडा गेलेला बॉल टेबलावर टाकला की आवाज बसका येतो, तो लगेच बाजूला काढा, नाहीतर आत अडकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रोबोट आपल्या शॉटला उत्तर देत नाही, आपण काहीही मारलं तरी त्याचा पुढचा बॉल ठरलेला. आमच्याकडे साठी ओलांडलेले एक काका लाँग पिंपलने, म्हणजे लांब दाण्यांच्या रबराने खेळतात, त्यांना मी माझा तयार झालेला टॉपस्पिन मारला तर बॉल चॉप होऊन परत आला आणि माझे सलग चार बॉल नेटमध्ये गेले. समोरच्याच्या बॅटचा अँगल, मनगट बघायची सवयच मोडली होती, आठ महिने नजर मशीनमधून बॉल सुटतो त्या भोकावर. सर्व्हिस रिटर्नचंही तेच.

म्हणून आता शेवटची पंधरा मिनिटं मशीन बंद करून मशीनच्याच शंभर बॉलवर नुसती सर्व्हिस करतो, रविवारी काकांशी खेळतो, आणि त्यांनी ज्या बॉलवर पकडलं तसला चॉप सोमवारी सकाळी रोबोटवर लावतो.