बोटीच्या वायरलेसची केबल आणि बिनपाटीचं दुकान

सांगलीत गणपती पेठेच्या मागच्या बोळात हे टीव्ही-अँप्लिफायर रिपेअरचं दुकान आहे, पाटी नाही काय नाही, शटर अर्धं खाली असतं पण काका आत असतातच, वाकून हाक मारायची. एक स्टार कापलाय, का ते खाली सांगतो.

आमच्या पोरांची एक फायबरची रेस्क्यू बोट आहे. 2019 ला आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटाच्या वर गेलं (धोक्याची पातळी 45), तेव्हा आमचा एकाचाबी मोबाईल लागत नव्हता, म्हणून नंतर परीक्षा देऊन हॅम (हौशी वायरलेसचं) लायसन्स काढलं आणि बोटीवर वायरलेस बसवला. यंदा जूनच्या आधी टेस्टिंग केलं तर घाटावरनं हरिपूरला आवाजच जाईना, नुसती खरखर.

आधी दुसऱ्या एका दुकानात गेलतो (नाव घेत नाही). त्यानं डिशची केबल जोडून दिली, म्हणे "सगळं एकच असतंय ओ". एकच कसलं, डिशची 75 ओहमची, आपल्याला लागते 50 ची. बरं तेबी चाललं असतं एकवेळ, पण त्या केबलची जाळी ॲल्युमिनियमची, डाग धरतच नाही, मग पठ्ठ्यानं नुसती पिळून वर काळी टेप मारलेली. पहिल्याच वळवाच्या पावसात पाणी आत.

काकांनी आधी विचारलं, "ॲन्टेना काढून सेटचं बोलायचं बटण दाबलं नाहीसा न्हवं?" कारण तसं केलं तर सेटच उडू शकतो. मग केबलची दोन्ही टोकं मोकळी करून मीटर लावला, कारण काही ॲन्टेना मीटरवर मुळातच शॉर्ट दाखवतात, उगंच फसायला होतं. मूळ केबल सोलली तर जाळी काळी ठिक्कर. वीतभर कापली, तरी काळी. हातभर कापली, तरी तीच. वातीनं तेल ओढावं तसं जाळी पाणी ओढत जाते म्हणे. शेवटी सगळीच फेकली आणि पाच मीटर नवीन आरजी 58 (50 ओहमचीच केबल) टाकली, कल्हईवाल्या तांब्याच्या जाळीची.

कनेक्टर पीएल 259, केबल बारीक म्हणून आत रिंग घालायला लागते. 100 वॅटची सोल्डरिंग गन काढली, कनेक्टर आधी कानशीनं घासला. माझ्याकडच्या 25 वॅटच्या गनला "खेळणं" म्हणाले, वरचं कथील वितळतंय पण आतली जाळी गारच. एवढा मस्त डाग मारला आणि बघतोय तर वरची फिरकीची कॉलर टेबलावरच! ती आधी केबलमध्ये ओवायची असती. काका स्वतःलाच शिव्या घालत परत कापून बसले, मला लई हसू आलं पण दाबलं.

नंतर स्वतः घाटावर आले, एसडब्ल्यूआर मीटर (ॲन्टेनाकडं धाडलेली पॉवर किती माघारी येते ते दाखवणारा, आकडा 1 च्या जवळ तेवढा चांगला) लावला. आधी 3 दाखवत होतं म्हणजे पाव पॉवर माघारीच येत होती, आता 1.3. जोडावर ओढून गुंडाळली की स्वतःलाच चिकटणारी रबर टेप मारली आणि सेटच्या अलीकडं केबलला खाली झोळ ठेवला, पाणी तिथंच ठिबकावं म्हणून.

सगळे मिळून 900 घेतले. स्टार कापला कारण आठ दिवस लावले, बिल नाही, फोन तर उचलतच नाहीत. दुपारी दीड ते चार जाऊ नका, काका झोपलेले असतात.