ऑइल ट्रॅपचं झाकण उघडायला लावणारी तपासणी

ओपनकास्ट खाणीतलं वर्कशॉप, डिझेल बंक आणि डंपर धुण्याचा रॅम्प माझ्याकडे आहे. दर तीन महिन्यांनी पर्यावरण तपासणीवाले येतात. आधीची एजन्सी यायची असली की आदल्या दिवशी आम्ही सांडलेल्या तेलावर भुसा टाकायचो आणि बॅरलं ओळीत लावायचो. ते ऑफिसात बसून तक्ता भरायचे. सगळ्या रकान्यांत 'समाधानकारक'. एका अहवालात तर आमच्या सेटलिंग पाँडच्या (पाण्यातला गाळ तळाशी बसवायच्या तळ्याच्या) जागी भलत्याच खाणीच्या तळ्याचा फोटो होता. आमच्या तळ्याला पायऱ्या नाहीत, फोटोत होत्या. कोणी विचारलं नाही. मीही नाही.

यंदा एजन्सी बदलली. नव्यांच्या तीन फेऱ्या झाल्या, म्हणून लिहितोय.

पहिल्या फेरीला आलेल्या मॅडमनी रजिस्टर मागितलंच नाही. विचारलं, "डंपर धुता कधी?" म्हटलं, शिफ्ट बदलताना. "मग रॅम्प तेव्हाच बघू," म्हणाल्या आणि तोवर डिझेल बंकवर गेल्या.

टाकीभोवतीच्या भिंतीचा हिशोब मला पाठ होता. सगळ्यांत मोठ्या टाकीच्या ११० टक्के तेल आत मावलं पाहिजे, म्हणजे २० हजार लिटरच्या टाकीला २२ हजार. कागदावर आमचं सगळं बरोबर. मॅडम भिंतीच्या बाहेरच्या बाजूला वाकल्या आणि निचऱ्याचा व्हॉल्व्ह हाताने फिरवून बघितला. उघडाच! साचलेलं पावसाचं पाणी सोडायला कोणीतरी उघडला, तो तसाच राहिला. टाकी गळली असती तर ती भिंत असून नसल्यासारखी. मॅडम काही बोलल्या नाहीत, फोटो काढला. मग आत रचलेली चार बॅरलं दाखवून म्हणाल्या, "यांची जागाही वजा करा." ते मात्र माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

खरी गंमत रॅम्पवर. ऑइल ट्रॅप, म्हणजे धुण्याच्या पाण्यातलं तेल अडवणारी टाकी, तीन कप्प्यांचा आहे, झाकणं लोखंडी, पहारीने उचकटावी लागतात. पहिल्या कप्प्यावर काळा तवंग, तो असायचाच. तिसऱ्यात पाणी नितळ पाहिजे, तर ते दुधाळ. बोटांत घेतलं तर बुळबुळीत. मॅडमनी विचारलं, "साबण कुठला वापरता?"

तेल पाण्याहून हलकं, संथ पाण्यात आपोआप वर येतं, ट्रॅप चालतो तो एवढ्यावरच. आम्ही मात्र ग्रीस लवकर सुटावं म्हणून साबण कडक करत नेला होता. साबणाने तेलाचे इतके बारीक थेंब होतात की वर यायच्या आत ते पाण्याबरोबर बाहेर पडतात. डंपर जितका चकचकीत, तितका नाला तेलकट. आणि मी वर्षभर 'ट्रॅप नीट उपसत नाहीस' म्हणून हेल्परवर डाफरत होतो. आता आधी चिखल खरवडतो, मग जोरदार प्रेशरचं साधं पाणी, साबण फक्त इंजिनाच्या भागाला. तिसऱ्या फेरीत शेवटच्या कप्प्याचा तळ दिसला.

नमुना घ्यायला आमच्या पोराने प्लास्टिकची बाटली विसळून तयार ठेवली होती. ती बाजूला ठेवली गेली. तेल-ग्रीसचा नमुना काचेच्याच बाटलीत, थेट आणि न विसळता घ्यायचा. प्लास्टिकला तेल चिकटतं आणि आकडा कमी येतो. पीएच तिथल्या तिथे मोजला, तोही मीटर आधी ४ आणि ७ च्या बफरमध्ये (पीएच ठाऊक असलेल्या द्रावणात) बुडवून, पारखून. सेटलिंग पाँडमध्ये बांबू घालून गाळ मोजला. कोळशाचा चुरा मातीपेक्षा हलका, बसायला वेळ घेतो, त्यामुळे गाळाने खोली खाल्ली की काळं पाणी सरळ बाहेर पडतं. उपसायचा निरोप वर दिला, अजून मशीन मिळालेलं नाही. तो दोष एजन्सीचा नाही.

एजन्सीबद्दल माझ्या तक्रारीही आहेत. दुसऱ्या फेरीला दुसराच पोरगा आला आणि धूळ मोजायचं यंत्र त्याने क्रशरच्या वाऱ्याच्या वरच्या बाजूला लावलं. धूळ सगळी उलट दिशेला चाललेली! मी सांगितल्यावर हलवलं, पण मी का सांगायचं? अहवाल तीन आठवड्यांनी येतो, अर्धी पानं नियमांची नक्कल आणि सगळा इंग्रजीत. माझ्या फिटरना त्याचा काडीचा उपयोग नाही. मॅडम जाताना हाताने लिहून देतात ती एक पानाची यादीच आम्ही भिंतीला लावतो.

पाचपैकी चार. कोणी ही एजन्सी घेणार असाल तर तपासणीला माणूस कोण येणार हे आधी विचारून घ्या, आणि तारीख धुण्याच्या वेळेशी जुळवा. आमच्या व्हॉल्व्हला आता कुलूप आहे, किल्ली माझ्या खिशात. रजेवर गेलो की कोणाकडे द्यायची, हे मॅडमनी मागच्या वेळी विचारलं. अजून ठरलेलं नाही.