मेटल डिटेक्टरचा बंजी पट्टा: चार महिने वापरून काय वाटलं

बंजी पट्टा म्हणजे डिटेक्टरचं वजन हातावरून खांद्यावर घेणारा पट्टा, ज्यांचं कोपर डिटेक्टर फिरवून दुखतंय त्यांच्यासाठी लिहितोय, कारण माझं इतकं दुखत होतं की सकाळी चहाचं पातेलं उजव्या हाताने उचलता येत नव्हतं.

मी बडोद्याचा, दांडिया बाजारात घर, समुद्र काही आमच्या दारात नाही. म्हणून महिन्यातून दोनदा अमावस्या पौर्णिमेच्या आसपास पहाटेची गाडी पकडून वलसाड आणि तिथून तिथल नावाच्या किनाऱ्यावर, वाळूत दडलेलं काही सापडतंय का ते बघायला. तेव्हा उधाण असतं ना, भरती जितकी वर चढते तितकीच ओहोटी लांब जाते आणि एरवी पाण्याखाली असलेली वाळू उघडी पडते, भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, गेलो तर तेवढी जागा मिळतच नाही. आता एवढ्या लांब आलोय आणि पाणी परत यायच्या आत सगळं बघून घ्यायचंय म्हटल्यावर माणूस थांबतो कुठे, मी चार चार तास एकाच हाताने मशीन फिरवत होतो. दुखणं तिथूनच लागलं.

फिजिओथेरपिस्टकडे गेलो तर टेनिस एल्बो निघालं. आयुष्यात रॅकेट धरलेली नाही! तिने नीट समजावलं, कोपराच्या बाहेरच्या बाजूला हाडाचा जो उंचवटा लागतो तिथे मनगट वर उचलणारे स्नायू येऊन चिकटतात, मूठ आवळून मनगट वर ताणून धरलं आणि तेच तासन् तास केलं की त्या जोडावर ताण येत राहतो. डिटेक्टर धरताना आपण नेमकं हेच करतो. माझं मशीन 1.3 किलोचं, म्हणजे भाजीच्या पिशवीपेक्षा हलकं, पण पिशवी हातातून सरळ खाली लोंबते आणि डिटेक्टरची कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची थाळी, मुठीपासून जवळपास मीटरभर पुढे असते, त्यामुळे पुढचं टोक सारखं खाली झुकतं आणि ते उचलून धरायचं काम मनगटावर येतं. म्हणून मशीन घेताना नुसता वजनाचा आकडा बघू नका. मशीनची दोन मॉडेलं घ्या, मिनलॅबचं इक्विनॉक्स 800 हे 1.34 किलोचं आहे, एक्सपीचं पहिलं डिअस किलोच्या आत आहे, पण हातात धरून पुढचं टोक किती झुकतंय ते बघितल्याशिवाय खरं कळत नाही.

तर पट्टा. ऑनलाइन मागवला, 1800 रुपये, ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही. खांद्यावरून तिरका जाणारा पट्टा, कमरेला बेल्ट, आणि पुढे रबरी बंजी जिचा हुक हँडलच्या थोडं पुढे दांड्याला अडकतो. पहिल्या दिवशी वाटलं पैसे पाण्यात गेले. बंजी सैल होती त्यामुळे वजन हातातच राहिलं, मग घट्ट केली तर कॉइल वीतभर वर, ती दाबून धरताना उलट्या बाजूने दंड भरून आला. दोन खेपा अशाच गेल्या. मग जमलं ते असं, हात पूर्ण सोडून द्यायचा आणि बंजी इतकीच आवळायची की कॉइल आपली आपण वाळूच्या बोटभर वर तरंगत राहील. मग हाताला उचलायचं काम उरत नाही, फक्त डावी उजवीकडे ढकलायचं. मूठ आवळायची गरजच नाही, दोन बोटं आणि अंगठा पुरतो.

आणि फिरवायचं कसं, ते मला लहानपणीच शिकवलं होतं हे आठवून वाईट वाटलं. आमच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात मुद्गलांची जोडी फिरवायला लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात ओरडा खाल्ला होता की मनगटाने फिरवू नकोस, खांदा आणि कंबर लाव. डिटेक्टरचंही तेच. दांडा थोडा आखूड करा, कॉइल पायांपासून दोन फुटांवर राहू दे, खांदा खाली सैल, आणि कंबरेतून वळा. हात पुढे ताणून लांब लांब झोके घ्यायचा मोह होतो, तो सोडा. अर्ध्या तासाने हात बदला, डाव्या हाताला सुरुवातीला अजिबात जमत नाही पण दोन तीन खेपांत जमतं.

आता तक्रारी. खांद्यावरची गादी इतकी पातळ की दीड तासात मानेपाशी काचायला लागते. हुक लोखंडी, वर नुसतं पॉलिश, तिसऱ्या खेपेला खाऱ्या पाण्याने गंजला. बंजी चौथ्या महिन्यात ढिली पडली, उन्हाने आणि मिठाने रबर मरतंच, पण मीही सुरुवातीला घरी येऊन गोड्या पाण्याने धूत नव्हतो. विकणाऱ्याला मेल केला, उत्तर नाही. शेवटी लेहरीपुऱ्याकडे बॅगा शिवणारा एक कारागीर आहे त्याच्याकडे घेऊन गेलो, तो म्हणाला, "काका, आ शेना माटे छे?" म्हणजे हे कशासाठी आहे? मी सगळं सांगितलं, त्याने खांद्यावर चार बोटं रुंद जाड फोमची पट्टी शिवली, प्लॅस्टिकचं बकल लावलं जे एका चिमटीत सुटतं. 250 रुपयांत. खरं सांगतो, आता जो पट्टा मी वापरतो त्यातला चांगला भाग त्या माणसाचा आहे.

ते पटकन सुटणारं बकल फार महत्त्वाचं, कारण पाण्यात शिरताना पट्टा काढायचाच. दोन कारणं. एक म्हणजे पाण्यात कॉइल आपोआप हलकी होते, वरून बंजीही खेचते, मग ती तळाला टेकवायला तुम्ही पूर्ण वेळ दाबत बसता. दुसरं, लाटेने पाय घसरला तर मशीनला बांधलेले राहू नका. मी कमरेच्या वर पाण्यात जात नाही, ओहोटी संपून पाणी वळलं की बाहेर. पाण्यातला ताण वजनाचा नसतो, पाण्याच्या अडवणुकीचा असतो, आणि ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे अर्ध्या वेगाने फिरवलं तर अडवणूक चौथाईवर येते. म्हणून अगदी हळू, कॉइल तळावर सरकवत. मधे मोकळी जागा असलेली कॉइल भरीव थाळीपेक्षा पाण्यात कितीतरी सोपी जाते. कॉइलच्या कव्हरमध्ये वाळू भरते तीही मधून मधून काढत जा, बराच फरक पडतो.

एका गोष्टीला मात्र कुठलाच पट्टा उपाय नाही आणि ती म्हणजे खोदणं. ओल्या वाळूने भरलेला स्कूप, म्हणजे वाळू उपसायचं फावडं, मनगटाने उपसला तर सगळं केलेलं फुकट. लांब दांड्याचा स्कूप घ्या, पायाने दाबा, मांडीवर टेकवून उचला.

काही सापडलं तर एक लक्षात ठेवा, 1878 चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून लागू आहे, जमिनीत दडलेलं 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन मिळालं तर कलेक्टरला कळवावं लागतं. संरक्षित स्मारकांच्या आसपास तर मशीन बाहेरच काढू नका.

माझे 5 पैकी साडेतीन, तेही सुधारून घेतल्यावर. विकत घेतलेला जसाच्या तसा असेल तर अडीच. किलोच्या वरचं मशीन असेल आणि कोरड्या किंवा ओल्या वाळूत तासाभरापेक्षा जास्त फिरत असाल तर घ्याच, फक्त पाण्यातच जाणार असाल तर नको. हुक स्टेनलेस किंवा प्लॅस्टिकचाच बघा आणि सोबत एक जादा बंजी मागून घ्या. कोपर आधीच दुखत असेल तर आधी सहा आठवडे मशीन बाजूला ठेवा आणि फिजिओने सांगितलेले व्यायाम करा, मी तेवढे थांबलो तेव्हाच पट्ट्याचा उपयोग झाला. पातेलं आता उचलता येतं.