उशाशी सीपॅप, खिडकीबाहेर समुद्र : मुंबई–गोवा क्रूझच्या तीन रात्री

मी आणि माझी पत्नी गेल्या डिसेंबरात मुंबई–गोवा–मुंबई अशी तीन रात्रींची क्रूझ करून नागपूरला परतलो. जहाजावरील जेवण, गाण्यांचे कार्यक्रम आणि पोहण्याचा तलाव यांविषयी भरपूर लिहिले गेले आहे, म्हणून मी येथे केवळ रात्रीविषयी लिहितो. मला झोपेत श्वास अडण्याचा आजार (स्लीप ॲप्निया) आहे, म्हणून गेली सहा वर्षे मी सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारे मशीन, लावून झोपतो. रामदासपेठेतील एका रुग्णालयात झालेल्या स्लीप स्टडीमध्ये माझा श्वास झोपेत तासाला सरासरी ४२ वेळा अडत असल्याचे निघाले होते. हा आकडा ३० किंवा त्याहून अधिक असला की आजार तीव्र समजतात. मशीन लावल्यापासून घरी तो तीनच्या आत राहिला आहे. त्यामुळे "तीनच रात्रींचा तर प्रश्न आहे, राहू द्या ते घरी" हा नातेवाइकांचा आपुलकीचा सल्ला मला मानता आला नाही, आणि या आजाराच्या कोणत्याही रुग्णाने तो मानू नये असे मला मनापासून वाटते. हे मशीन हवेच्या दाबाने घसा उघडा धरून ठेवते, इतकेच त्याचे काम; ज्या रात्री दाब नाही, त्या रात्री घसा पुन्हा मिटतो.

आरक्षण आम्ही धंतोलीतील एका प्रवासी कंपनीमार्फत केले. मशीनची गोष्ट मी पहिल्याच भेटीत सांगितली आणि तीन प्रश्न लेखी दिले : केबिनमध्ये पलंगाजवळ प्लग आहे का, नसल्यास जहाजाकडून एक्स्टेंशन मिळेल का, आणि मशीनच्या टाकीसाठी डिस्टिल्ड वॉटर मिळेल का. उत्तर तोंडी मिळाले, तेही एका वाक्यात : "सर, वर सगळं मिळतं, घरून एक एक्स्टेंशन बोर्ड टाकून घ्या बॅगेत." हा सल्ला चुकीचा होता, आणि तो ऐकला असता तर आमचा बोर्ड बंदरावरच जप्त झाला असता. वैद्यकीय गरजांचा एक अर्जही त्यांनी माझ्याकडून भरून घेतला होता. जहाजावर चढल्यावर कळले की तो पुढे पाठवलाच गेला नव्हता. या परीक्षणातील माझी सर्वांत गंभीर तक्रार हीच आहे, आणि ती जहाजाविषयी नसून आमच्या शहरातील त्या कार्यालयाविषयी आहे.

एक्स्टेंशन बोर्डाची बाब मला थोडी सविस्तर मांडावीशी वाटते, कारण कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात माझी नोकरीची ३१ वर्षे गेली आणि जहाजावरच्या बंदीमागचे कारण प्रवाशांना कोणी नीट समजावून सांगत नाही. आपल्या घरी येणाऱ्या दोन तारांपैकी न्यूट्रल ही रोहित्रापाशी जमिनीशी जोडलेली असते. जहाजांवर मात्र बहुधा दोहोंपैकी एकही तार पोलादी सांगाड्याशी जोडत नाहीत. एखादी तार कुठे सांगाड्याला टेकली, तर तेवढ्यावरून भर समुद्रात पुरवठा तुटू नये, हा त्यामागचा विचार. याचा परिणाम असा की सांगाड्याच्या तुलनेत दोन्ही तारांमध्ये विजेचा दाब (व्होल्टेज) असतो. आता घरगुती सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या अचानक उसळीपासून उपकरण वाचवणाऱ्या) बोर्डात वीजतारा आणि अर्थ यांच्यामध्ये एक संरक्षक भाग बसवलेला असतो. जहाजावर कुठेतरी तार सांगाड्याला टेकलेली असताना असा बोर्ड लावला, तर त्या भागातून वीज वाहू लागून तो तापू शकतो, आणि बोर्डाचे बटण एकच तार तोडणारे असेल तर बटण बंद करूनही दुसऱ्या तारेतून धोका शिल्लक राहतो. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१३ मध्ये जहाजांवरील अशा उपकरणांबद्दल सुरक्षेचा इशाराच काढला होता. समुद्रात आगीसारखे संकट नाही, त्यामुळे ही बंदी मला जाचक वाटली नाही. नियम कंपनीगणिक बदलतात. काही ठिकाणी साधी, सर्ज प्रोटेक्टर नसलेली तार चालते, काही ठिकाणी तीही चालत नाही. म्हणून स्वतःची तार नेण्यापेक्षा जहाजाकडून मागून घेणे हाच सरळ मार्ग आहे.

आमच्या केबिनमध्ये दोनच प्लग होते आणि दोन्ही आरशाखालच्या टेबलापाशी : एक अमेरिकन पद्धतीचा चपट्या पिनांचा, ११० व्होल्टचा, आणि दुसरा युरोपीय पद्धतीचा दोन गोल पिनांचा, २२० व्होल्टचा. सीपॅपचा अडॅप्टर साधारणपणे १०० ते २४० व्होल्टपर्यंत कोणत्याही दाबावर चालतो, त्यामुळे दोन्ही प्लग उपयोगी होते. अडचण फक्त पिनांच्या आकाराची होती. आपली तीन जाड पिनांची तार तेथे बसत नाही. मी सीताबर्डीतून पिनांचा आकार बदलणारा साधा जोड घेऊन गेलो होतो आणि तो पुरला. तरीही अडॅप्टरवर छापलेला आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचूनच निघावे.

टेबलापासून पलंग चांगला तीन मीटरवर होता आणि माझ्या मशीनची तार तिथवर पोहोचत नव्हती. संध्याकाळी सहाच्या सुमारास मी रिसेप्शनला सांगितले. पाऊण तासात वेंगुर्ल्याकडचा एक तरुण कर्मचारी जहाजाच्या मान्यतेची चिठ्ठी चिकटवलेली तार घेऊन आला. मास्क पाहताच तो म्हणाला, "काका, हे झोपेचं मशीन ना? दर फेरीला दोन-तीन जण घेऊन येतात." त्याने न सांगता सोफ्याजवळचे ठेंगणे टेबल उचलून पलंगाशेजारी आणून ठेवले आणि तार चालण्याच्या वाटेत येऊ नये म्हणून भिंतीच्या कडेने नेली. नागपूरच्या वातानुकूलित कार्यालयात ज्या प्रश्नाचे उत्तर तीन आठवड्यांत मिळाले नाही, ते या मुलाला तोंडपाठ होते. त्याच्याबद्दल अभिप्रायाच्या फॉर्मवर मी पूर्ण परिच्छेद लिहून दिला.

पाण्याची गोष्ट इतकी सुरळीत झाली नाही. मशीनच्या ह्युमिडिफायरमध्ये, म्हणजे हवा ओलसर करणाऱ्या टाकीत, डिस्टिल्ड वॉटरच घालावे लागते. नागपुरात नळाचे पाणी घातले तर थोड्याच दिवसांत टाकीच्या तळाशी पांढरा थर धरतो, हे मी सुरुवातीच्या काळात पाहिले आहे. आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीचे म्हणून मिळणारे पाणी श्वासाच्या मशीनसाठी वापरू नका असे माझ्या डॉक्टरांनी बजावले आहे. म्हणून एक लिटरची सीलबंद बाटली मी बरोबर घेतली होती. बॅलार्ड पियरच्या क्रूझ टर्मिनलवर सामान तपासताना ती बाजूला काढली गेली, कारण बाहेरचे खाणे-पिणे जहाजावर नेता येत नाही. डॉक्टरांचे पत्र दाखवल्यावर बाटली परत मिळाली, परंतु त्यात वीस मिनिटे गेली आणि मागे रांग खोळंबली, याचा संकोच वाटला. पत्रात मशीनबरोबर पाण्याचाही उल्लेख असावा, ही माझी आग्रहाची सूचना आहे. माझ्या पत्रात तो सुदैवाने होता. मशीन मात्र तपासणीत कोणीही अडवले नाही. जहाजावर पाण्याचा साठा आहे असे रिसेप्शनने सांगितले, पण दोन बाटल्या प्रत्यक्ष केबिनमध्ये आल्या त्या दुसऱ्या दिवशी दुपारी. पहिल्या रात्रीचे पाणी स्वतःजवळ असणे म्हणूनच आवश्यक आहे.

पहिल्या रात्री बाराच्या पुढे नळीत पाणी गुडगुडू लागले आणि मास्कमध्ये थेंब येऊन माझी झोप मोडली. हे मशीनचे बिघडणे नव्हे. केबिनचा एसी फार थंड होता. ह्युमिडिफायरमधून निघालेली उबदार, ओलसर हवा थंड नळीत शिरली की तिच्यातील वाफेचे पाणी होते. मी खोलीचे तापमान वाढवले, ओलाव्याची पातळी दोन अंकांनी खाली आणली आणि नळी पांघरुणाखालून घेतली, तेव्हा आवाज थांबला. ठेंगण्या टेबलाचा येथे दुहेरी उपयोग झाला. मशीन डोक्याच्या पातळीपेक्षा खाली असले की नळीतील पाणी चेहऱ्याकडे न येता टाकीकडे परत जाते. दुसऱ्या रात्री समुद्र किंचित हलता होता. टाकी मी मुद्दाम खुणेपेक्षा बरीच खाली भरली होती, कारण काठोकाठ भरलेली टाकी हेलकाव्यात मशीनच्या आत पाणी सोडू शकते. त्याच कारणाने सकाळी टाकी पूर्ण रिकामी करून, पुसून, वाळवून ठेवत असे.

जहाजावर मद्य मुबलक असते आणि त्याची पॅकेजेसही आग्रहाने पुढे केली जातात. मद्याने घशाचे स्नायू आणखी सैल पडतात आणि श्वास अडण्याचे प्रमाण वाढते, हे या आजाराच्या माणसाने विसरू नये. बोट लागू नये म्हणून घेण्याच्या काही गोळ्या गुंगी आणणाऱ्या असतात; मी त्यांची चौकशी नागपूरहून निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडे केली होती. जहाजावर विचारू म्हणून ठेवण्याचा हा विषय नाही.

नागपूर–मुंबई प्रवास आम्ही रात्रीच्या दुरांतोने केला. रेल्वेच्या डब्यातील चार्जिंगच्या प्लगवर मशीन चालवण्याचा विचारही मी केला नाही. ते प्लग फोनसाठी आहेत आणि आगीच्या भीतीने अनेक गाड्यांत रात्री ११ ते पहाटे ५ त्यांचा पुरवठा बंद ठेवण्यात येतो. सीपॅपसाठी मिळणारी स्वतंत्र बॅटरी मी दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यातील वीज जाण्याच्या त्रासामुळे घेतली होती. ह्युमिडिफायर बंद ठेवल्यास ती माझ्या दाबावर एक रात्र निभावते. विमानाने जाणाऱ्यांनी मशीन आणि बॅटरी दोन्ही हातातील सामानात ठेवावीत. सुटी लिथियम बॅटरी सामानकक्षात देता येत नाही, आणि १०० वॅट-तासांपेक्षा मोठ्या बॅटरीसाठी विमान कंपनीची आधी परवानगी लागते.

केबिनमध्ये शिरताना दारालगतच्या खाचेत कार्ड घालावे लागते आणि कार्ड काढले की काही जहाजांवर प्लगही बंद होतात. आमच्या केबिनमध्ये दिवे तेवढे बंद होत, प्लग चालू राहत. त्यामुळे दिवसा आम्ही गोव्यात फिरत असताना रेल्वेच्या परतीच्या रात्रीसाठी बॅटरी भरून निघाली. हे पहिल्या तासातच तपासून घ्यावे.

तिन्ही रात्री तासाला श्वास किती वेळा अडला याचे आकडे मी घरी आल्यावर मशीनमध्ये पाहिले : पहिली रात्र ३.८, दुसरी २.६, तिसरी २.१. पहिल्या रात्रीचा आकडा वाढला तो पाणी काढण्यासाठी दोनदा मास्क उतरवून पुन्हा घाईने बांधल्यामुळे हवा गळत राहिली म्हणून असावा. तिसऱ्या सकाळी मी साडेपाचला आपोआप उठलो आणि पत्नीबरोबर डेकवर सूर्योदय पाहिला. सहा वर्षांपूर्वी, म्हणजे मशीन येण्याआधी, मी दुपारच्या जेवणानंतर खुर्चीत बसल्या बसल्या झोपत असे आणि गाडी चालवायला तिने मला मनाई केली होती.

जहाजाच्या सेवेला मी पाचपैकी चार गुण देतो. एक गुण पाण्याच्या विलंबासाठी आणि पलंगाजवळ प्लग नसल्याबद्दल कापतो. आरक्षण करणाऱ्या कार्यालयाला दोनच. पुढील हिवाळ्यात लक्षद्वीपची फेरी करण्याचा आमचा विचार आहे. त्यासाठी मी या वेळी थेट क्रूझ कंपनीलाच लिहिले आहे, केबिनमधील प्लगच्या जागेचे छायाचित्र मागवले आहे, आणि तार व पाणी मिळेल असे त्यांचे लेखी उत्तर येईपर्यंत पैसे भरणार नाही.