'गंज नाही' म्हणून विकलेली १९६८ ची डॉज डार्ट

हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यांत, म्हणजे ओहायो, मिशिगन, इंडियाना या पट्ट्यात राहणाऱ्या आणि जुनी क्रायस्लरची गाडी घ्यायच्या विचारात असलेल्या मराठी मंडळींसाठी हे लिहितोय. मला १४,५०० डॉलरला जी डार्ट विकली (डॉज हा क्रायस्लरचाच ब्रँड), तिचा सगळ्यात महत्त्वाचा सांधा फायबरग्लासचं कापड आणि काळं अंडरकोटिंग, म्हणजे गाडीच्या तळाला मारायचा जाड लेप, यांच्यावर उभा होता. हे ठरवून, वेळ घेऊन, हात बसलेल्या माणसाने केलेलं काम होतं. म्हणूनच ते कसं केलं होतं हे तपशिलात सांगतो.

गाडी १९६८ ची, दोन दारांची हार्डटॉप (खिडक्यांमध्ये खांब नसलेली), २२५ क्यूबिक इंचाचं स्लँट सिक्स, म्हणजे तिरकं बसवलेलं सहा सिलिंडरचं इंजिन. डॉज या नावाशी आमच्या घराचं जुनं नातं आहे. वडील कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये होते आणि त्या कारखान्यात १९४७ पासून डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या जात. विकणारा ओहायोतलाच, वयाने मोठा, बोलायला गोड. गाडी आयुष्यभर ॲरिझोनात होती, गंजाचा ठिपकाही नाही, असं त्याने मेसेजमध्ये लिहून दिलं. मी चुंबक घेऊन गेलो होतो. फेंडर, दारांचा खालचा भाग, डिकीची जमीन, सगळीकडे तो पत्र्याला चिकटला, कुठेही लांबी (पुट्टी) भरलेली नव्हती. गाडी रॅम्पवर चढवून बघू म्हटलं, तर ओळखीचं गॅरेज आज बंद आहे आणि संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक यायचंय, हे उत्तर तयार होतं. टॉर्च मारून खाली बघितलं तेव्हा सगळं एकसारखं काळं, स्वच्छ, नव्यासारखं दिसलं.

या गाड्यांची बांधणी समजून घेतली की तो काळा रंग नेमका कुठे आणि का मारला होता ते कळतं. त्या काळातल्या शेव्हरोले इम्पाला किंवा फोर्ड गॅलेक्सीसारख्या मोठ्या गाड्यांना खाली वेगळी जाड चॅसी असायची आणि बॉडी तिच्यावर बोल्टने बसवलेली. क्रायस्लरने १९६० मध्ये इम्पीरियल सोडून जवळजवळ सगळ्या गाड्यांची वेगळी चॅसी काढून टाकली. पत्र्याची जमीन, दाराखालचे सिल (उंबरठ्याच्या पट्ट्या) आणि पुढचे-मागचे रेल (लांब पोकळ तुळया) एकमेकांना वेल्ड करून त्यालाच सांगाडा केलं. गाडी हलकी झाली, खडखड कमी झाली. पण आता जमीन गंजली म्हणजे फक्त पाय ओले होतात असं राहिलं नाही. जमीन हाच सांगाडा आहे.

त्यात त्या काळच्या क्रायस्लरच्या पुढच्या चाकांना कॉइल स्प्रिंग नाही. १९५७ पासून त्यांनी टॉर्शन बार लावले. स्प्रिंग स्टीलची सरळ सळई, दोन्ही टोकं षटकोनी. पुढचं टोक खालच्या कंट्रोल आर्ममध्ये (चाकाला धरणारा, वर-खाली होणारा दांडा), मागचं टोक पुढच्या सीटखाली जमिनीला वेल्ड केलेल्या आडव्या क्रॉसमेंबरच्या सॉकेटमध्ये. चाक वर उचललं की सळई ओल्या चादरीसारखी पिळली जाते आणि तो पीळच गाडीला तोलून धरतो. वळणावर या गाड्या इतक्या ठाम का बसतात याचं अर्धं उत्तर या सळयांत आहे, आणि मला त्या मनापासून आवडतात. पण याचा अर्थ असा की पुढच्या चाकावरचा भार पुढे न राहता जवळजवळ तीन फूट मागे, तुमच्या सीटखालच्या त्या क्रॉसमेंबरवर येतो. इंजिनखालून आलेले पुढचे रेलही तिथेच येऊन मिळतात. अख्ख्या गाडीत सडू नये अशी एकच जागा निवडायची झाली, तर ती हीच.

आणि सडते नेमकी तीच. पुढच्या काचेखालच्या काउलमध्ये, म्हणजे तिथल्या पोकळ कप्प्यात, पाला साठतो, पत्रा खातो, पाणी आतल्या बाजूने जमिनीवर उतरतं आणि गालिच्याखाली महिनोन् महिने मुरतं. खालून रस्त्याचं मीठ. क्रॉसमेंबर आतून पोकळ असल्याने त्यात घुसलेली ओल बाहेर पडत नाही.

माझ्या बाबतीत रेल्वे फाटक ओलांडताना खालून मोठा धाड आवाज आला आणि गाडीची पुढची डावी बाजू बसली. टायर फेंडरला घासायला लागला. वेग कमी होता म्हणून बाजूला घेता आली. हायवेवर झालं असतं तर काय, हा विचार आजही अंगावर काटा आणतो, कारण मागे मुलगी बसली होती.

जुन्या क्रायस्लर गाड्यांवरच काम करणाऱ्या एका मेकॅनिककडे टो करून नेली. त्याने गाडी वर घेतली, डाव्या सॉकेटपाशी स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि नुसता दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. मग खरवडायला सुरुवात केली. आधी अंडरकोटिंगचा जाड थर, रबरासारखा सोलून येणारा. त्याखाली राळ लावलेलं फायबरग्लासचं कापड, कडा पॉलिश पेपरने घासून क्रॉसमेंबरच्या मूळ आकाराला जुळवलेल्या. त्याखाली ॲल्युमिनियमची टेप. आणि टेपखाली बिस्किटासारखा फुटणारा तपकिरी पत्रा. सॉकेट त्या पत्र्यातून फाटून फिरलं होतं.

पुढे जे दिसलं त्याने माझी खात्री पटली की विकणाऱ्याला सगळं ठाऊक होतं. टॉर्शन बारची उंची जुळवायला कंट्रोल आर्मला एक बोल्ट असतो. सॉकेट हळूहळू फिरू लागलं की त्या बाजूने गाडी खाली बसते. उजवा बोल्ट साधारण मध्यावर होता, डावा शेवटच्या आट्यापर्यंत आवळलेला. म्हणजे बसत चाललेली बाजू कुणीतरी बोल्ट आवळून वर आणली होती, गाडी सपाट दिसावी म्हणून. शिवाय डाव्या बाजूला घातलेली सळई उजव्या बाजूची होती. या सळयांना कारखान्यात एका दिशेने पीळ देऊन तयार केलेलं असतं, त्या डाव्या-उजव्या अदलाबदल करायच्या नसतात. तिच्यावर पाइप पान्याचे दातही उमटले होते. टॉर्शन बारवर असा ओरखडा म्हणजे पुढे तुटायची जागा, हे या गाड्यांवर काम करणारा कोणीही सांगेल.

ॲरिझोनाचं काय? क्रायस्लरच्या गाड्यांत मागच्या सीटच्या स्प्रिंगांत कारखान्याचं बिल्ड शीट (ती गाडी कशी जोडायची याचा कागद) अडकलेलं सापडतं, म्हणून मेकॅनिकने सवयीने हात घातला. बिल्ड शीट नव्हतं, पण डेट्रॉइटजवळच्या एका गॅरेजची जुनी पावती होती. जमिनीच्या भोकांवर पत्रा बसवल्याची.

विकणाऱ्याने आधी फोन उचलला आणि 'ॲज इज' (आहे त्या स्थितीत) लिहून सही घेतल्याची आठवण करून दिली. त्यानंतर नंबरच बंद. वकिलांचं म्हणणं असं की 'ॲज इज' लिहिलं म्हणून जाणूनबुजून केलेली लबाडी माफ होत नाही आणि गंजाबद्दलचे त्याचे मेसेज हा आपला मोठा आधार आहे. ओहायोत स्मॉल क्लेम्सची, म्हणजे छोट्या रकमेच्या दाव्यांची, मर्यादा ६,००० डॉलर. क्रॉसमेंबर, दोन्ही बाजूंच्या जमिनी, दोन्ही सळया आणि जिगवर (सांगाडा सरळ धरून ठेवणारी चौकट) बांधून वेल्डिंग धरून दुरुस्तीचा अंदाज त्याच्या वर गेला, त्यामुळे म्युनिसिपल कोर्टात दावा लावलाय. मेकॅनिकने प्रत्येक थराचा फोटो काढून ठेवला होता, त्याचा फार उपयोग होतोय. तुमच्यावर अशी वेळ आली तर दुरुस्तीला हात लावण्याआधी फोटो काढून घ्या आणि काढलेला पत्रा फेकू देऊ नका.

अजून गाडी घेतली नसेल, तर रॅम्पशिवाय व्यवहार करू नका. विकणारा नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा, गाडी कितीही सुंदर असो. जुन्या गाडीखाली ताजं, एकसारखं काळं अंडरकोटिंग दिसलं तर आधी संशय घ्या. पुढचा गालिचा उचलायला सांगा. पुढच्या सीटखाली क्रॉसमेंबरच्या दोन्ही सॉकेटभोवती चुंबक फिरवा. बाहेरच्या पत्र्यावर चुंबक चिकटला म्हणून समाधान मानू नका, माझ्या गाडीचा बाहेरचा पत्रा खरोखरच चांगला होता. उंचीचे दोन्ही बोल्ट किती आत आहेत ते एकमेकांशी ताडून बघा. दार थोडं उघडं ठेवून पुढच्या रेलखाली जॅक लावा आणि गाडी हळूच उचला. दाराची फट बदलली किंवा दार नीट बसेना, तर सांगाड्यातली ताकद गेलेली आहे. आणि मागच्या कमानपाट्यांचे हँगर जिथे बसतात तिथेही हाताने दाबून बघा, डिकीत पाणी शिरलं की तोही भाग असाच आतून जातो.

क्लीव्हलंडच्या आसपास कोणी डार्ट किंवा तशाच बांधणीच्या प्लिमथ व्हॅलिअंट, डस्टर बघायला जाणार असेल तर मला कळवा. चुंबक, टॉर्च आणि जॅक घेऊन मी सोबत येईन.